नमुन्यासाठी तंत्रनिकेतनांच्या कार्यशाळा खुल्या करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शेतकऱ्याने किंवा गॅरेजवाल्याने नवे यंत्र शोधल्याच्या बातम्या येतात, तेव्हा कौतुक कल्पनेचे होते. गाडी अडते ती नमुना, म्हणजे कल्पना तपासायचे पहिले यंत्र, बनवताना. बहुतेक जण तोंडी वर्णन घेऊन डिझाईन कंपनीकडे जातात, ‘पूर्ण यंत्र करून द्या’ म्हणतात आणि आकडा ऐकून परत फिरतात. त्यात कंपनीचाही दोष नाही. काय बनवायचे हेच ठरलेले नसेल, तर ती अंदाज चढाच धरणार.

स्वस्तात मदत हवी असेल तर आधी कामाचे तुकडे पाडावेत. आमच्या नाशिक भागातले उदाहरण घेऊ: छोटे कांदा प्रतवारी यंत्र. त्याचा जीव दोन उतरत्या रुळांत आहे. रुळांमधली फट वरच्या टोकाला ३० मिलिमीटर आणि खालच्या टोकाला ६० ठेवली की गोल्टी (लहान कांदा) आधी पडते, मोठा कांदा शेवटी. हे तपासायला लोखंड लागत नाही. मीटरभर लांबीचे ७५ मिलिमीटरचे दोन पीव्हीसी पाइप, प्लायवूडची चौकट आणि हाताने फिरवायचा दांडा पुरतो. दोरीचा पट्टा आठच्या आकड्यासारखा टाकला की दुसरा रूळ आपोआप उलटा फिरतो. दोन्ही रुळांचे वरचे अंग फटीपासून बाहेर जायला हवे; आत फिरले तर कांदा चिमटला जातो. पुठ्ठ्याला ४५ आणि ५५ मिलिमीटरची भोके पाडून शंभर कांदे आधी हाताने वेगळे करावेत, मग रुळांवर सोडून किती चुकले ते मोजावे. सुटी साल आणि लांब मान रुळाला गुंडाळते, ही अडचण इथेच दिसते. तिला उत्तर सापडल्याशिवाय फॅब्रिकेटरकडे (लोखंडी सांगाडा बनवणाऱ्याकडे) जाऊ नये.

पुढचा खर्च वाढतो तो ड्रॉइंग नसल्याने. वहीच्या पानावर हाताने काढलेले चालेल, पण मापे मिलिमीटरमध्ये, धातूची जाडी आणि नग लिहिलेले हवेत. लेथचे (कातकामाचे) काम टाळता येते तिथे टाळावे: शाफ्टसाठी, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यासाठी, २० मिलिमीटरचा ब्राइट बार (नेमक्या जाडीची गुळगुळीत सळई) आणि यूसीपी २०४ पेडेस्टल बेअरिंग (तयार बैठकीसह येणारे) घेतले, तर शाफ्ट सहसा लेथवर न कातता बसतो आणि ग्रब स्क्रूने आवळता येतो. बैठकीशिवाय येणारे साधे ६२०४ बेअरिंग घेतले की शाफ्टची बैठक आणि हाउसिंगचे भोक दोन्ही अचूक लागते. टर्नरने (लेथ चालवणाऱ्याने) माप सैल ठेवले तर बेअरिंग शाफ्टवर घसरते, घट्ट ठेवले तर हातोड्याने ठोकून खराब होते. वेल्डिंगने फ्रेम ओढली जाते, म्हणून भोके वेल्डिंगनंतर पाडावीत आणि बेअरिंगसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाचा ठेवाव्यात. मिनिटाला १४४० फेऱ्यांच्या मोटरला २० पट गिअरबॉक्स लावला की ७२ फेरे मिळतात. तेवढे हवेत की कमी, हे हाताच्या दांड्यावर आधीच कळलेले असते. थ्रीडी प्रिंटचा भाग पीएलए प्लास्टिकचा असेल, तर तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. उन्हात ठेवायच्या यंत्राला तो नको.

इलेक्ट्रॉनिक्स असेल तर पहिली जुळणी झिरो पीसीबीवर (भोकांच्या तयार पट्टीवर) करावी. मोटर सुरू होताच कंट्रोलर (यंत्राला आज्ञा देणारी चिप) रिसेट होतो, ही नेहमीची तक्रार. कारण दोघांचा वीजपुरवठा एकच असतो. कंट्रोलरला वेगळा पुरवठा द्यावा आणि रिलेच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या विद्युत-स्विचच्या) कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा लावावा. बहुतेक वेळा एवढ्याने भागते.

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी स्वस्त मदत देतात, पण त्यांना विषय हवा असतो तो वर्षाच्या सुरुवातीला, आणि मे महिन्यानंतर ते हाती लागत नाहीत. म्हणून फाइल, प्रोग्राम आणि सुट्या भागांची यादी दर महिन्याला मागून घ्यावी. प्रकल्प प्रदर्शनात मांडला किंवा शोधनिबंध छापला की पेटंटसाठी लागणारे नावीन्य संपते. त्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करावा. व्यक्तीला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. सहअर्जदार घ्यायचे असतील तर वाटा लेखी ठरवावा. करार नसेल तर पेटंट कायद्याच्या ५० व्या कलमानुसार सर्वांचा हिस्सा समान धरतात. ड्रॉइंगबरहुकूम शाफ्ट करून देणारा टर्नर मात्र संशोधक ठरत नाही.

पैशांसाठी केंद्र सरकारच्या निधी-प्रयास योजनेत नमुन्याला १० लाखांपर्यंत साहाय्य आहे, पण तिथेही कामाचे टप्पे मांडावेच लागतात. आणि या सगळ्यात खरोखर न मिळणारी गोष्ट एकच, तासाच्या भाड्याने वापरता येईल अशी कार्यशाळा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब (संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळा) आहे, म्हणजे खेड्यातही हे जमते. सरकारी तंत्रनिकेतने आणि आयटीआयमध्ये लेथ, मिलिंग, वेल्डिंग सगळे असते आणि संध्याकाळी कुलूप असते. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती बाहेरच्यांना उघडावीत. प्रत्येक मशीनचा तासाचा दर फलकावर लावावा. माल आणि ड्रॉइंग गिऱ्हाइकाने आणावे, मशीन मात्र तिथल्या निदेशकानेच (कार्यशाळेच्या शिक्षकानेच) चालवावे आणि त्याला मानधन मिळावे. शिवाय ‘या वस्तूवर संस्थेचा हक्क नाही’ असे पावतीवरच छापलेले असावे, म्हणजे ड्रॉइंग दाखवायला कोणी कचरणार नाही.

– यंत्र-आरेखनाचे काम करणारे दोन वाचक, नाशिक