अरेंजरचं नावही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला सिनेमातल्या ऑर्केस्ट्रावरचा लेख वाचला. सैराटचं म्युझिक लॉस एंजेलिसला लाइव्ह सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन रेकॉर्ड केलं ते बरोबरच लिहिलंय, २०१६ ला थिएटरात ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. पण त्याआधी आपल्याकडे असलं काही नव्हतंच असा जो सूर लागलाय तो अजिबात पटला नाही.

पन्नास-साठच्या दशकात मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेटवाले दाटीवाटीने बसायचे आणि त्यात गोवेकर कितीतरी होते. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात चर्चच्या शाळेत पोरांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवायचे, ते इथे कामाला आलं. चाल संगीतकाराची, पण कुठल्या व्हायोलिनने काय वाजवायचं, चेलो कधी येणार, दोन कडव्यांमधला पीस कसा, हे कागदावर उतरवायचा अरेंजर. शंकर-जयकिशनकडे हे काम वर्षानुवर्षं सेबॅस्टियन डिसोझांनी केलं. शंकर-जयकिशनची गाणी म्हणताना आपण मधले पीससुद्धा तोंडाने वाजवतो, ते लिहिणाऱ्याचं नाव मात्र कोणालाच ठाऊक नसतं.

मागे माझी भाची कीबोर्डवर मोझार्टच्या ४० नंबरच्या सिंफनीची सुरुवात घोटत होती, तर आई स्वयंपाकघरातून पोळ्या लाटता लाटता 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' म्हणायलाच लागली. १९६१ च्या 'छाया' सिनेमात सलील चौधरींनी तीच धून घेतली होती. आईने मोझार्टचं नाव कधी ऐकलेलं नाही, पण चाल साठ वर्षं तिच्या डोक्यात आहे, सिनेमाने घराघरात काय पोचवलंय ते मला त्या दिवशी कळलं.

आणि अँथनी गोन्साल्विस म्हटलं की लोकांना अंड्यातून बाहेर येणारा अमिताभच आठवतो. ते खरे गृहस्थ गोव्यातल्या माजोर्ड्याचे, व्हायोलिनवादक, अरेंजर, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालांचे गुरू. १९५८ ला त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात आपले राग आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा एकत्र आणून कार्यक्रम केला, लताबाई आणि मन्ना डे त्यात गायले. शिष्याने १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव घातलं म्हणून निदान तेवढं तरी राहिलं, बाकीच्यांचं काय?

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला जुन्या गाण्यावर लिहून येतं, मी ते कापून ठेवतो. खाली गीतकार, संगीतकार, गायक अशी ओळ असते, त्यात अरेंजरचं नाव मिळेल तेव्हा तेही छापा, एवढी विनंती.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली