डॉगन, डॉगम, डॉगेन

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

इंग्रजी नामांना विभक्तीचे प्रत्यय लावून तू जी सुधारित इंग्रजी रचलीस, तिची वही दोनदा वाचली. मनात वाचताना खूश झालो, मोठ्याने वाचताना अडखळलो.

द्वितीयेला 'अन', चतुर्थीला 'अम', तृतीयेला 'एन'. डॉगन, डॉगम, डॉगेन कागदावर वेगळे दिसतात खरे, पण अशा शब्दात इंग्रजी माणूस पहिल्या अक्षरावर जोर देतो आणि शेवटचा स्वर गिळतो. मग तिन्हींत ऐकू काय येणार? हे एकदा होऊन गेलंय. हजार वर्षांपूर्वी इंग्रजीत दगड म्हणजे 'स्टान', दगडाचा 'स्टानेस', दगडाला 'स्टाने', दगडांना 'स्टानुम'. शेवटचे स्वर बोथट होत एकाच पुसट 'अ'मध्ये मिसळले आणि विभक्त्या ओळखू येईनात. 'स्टानेस'मधला 'स' तेवढा तगला. आजचा ॲपॉस्ट्रॉफीवाला 'स' तोच.

अनेकवचनी षष्ठीला तू वेगळं रूप दिलंस, ते मात्र झकास. आज 'कुत्रे', 'कुत्र्याचा' आणि 'कुत्र्यांचा' तिन्ही कानाला 'डॉग्ज'च.

आता माझी सूचना. 'अलाइव्ह' हा शब्द आला 'ऑन लीफे'वरून. 'लीफ' म्हणजे जीवन, त्याचं हे चतुर्थीचं रूप. दोन स्वरांमध्ये सापडला की तेव्हा 'फ'चा उच्चार 'व्ह' व्हायचा. प्रत्ययाचा 'ए' कधीच गेला, पण 'व्ह' अजून आहे! वुल्फ-वुल्व्ह्ज, हाउस-हाउझेस यांतही तोच प्रकार. आपलं सामान्यरूप आठव: 'फूल'चं 'फुला' होतं, 'ला' यायच्या आधीच कान सावध होतो. तूही नुसती शेपटी लावू नकोस, शब्दाच्या पोटातला आवाज बदल.

आणि 'द डॉगन बिट द मॅन' या वाक्यात माणूस कुत्र्याला चावलाय, हे मला दुसऱ्या वाचनात कळलं. हसलो खूप. पण बाकी सगळ्या वाक्यांत शब्दांचा क्रम जुनाच ठेवलायस. मग बिचाऱ्या विभक्तीने करायचं काय? द्वितीया सगळ्यांना देऊही नकोस. आपण कुत्र्याला उचलतो, पण दगड नुसता उचलतो. सजीवांपुरती ठेवलीस तर अर्धे तक्ते गळतील.

पुढची दहा वाक्यं लिहून पाठवू नकोस. भरभर बोल, रेकॉर्ड कर आणि ते पाठव.

तुझे,
बाबा