कृत्रिम पाय बसवणाऱ्यांची दखल कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम अवयवांवरच्या बातम्यांत हल्ली कार्बन फायबर, सेन्सर, थ्रीडी प्रिंटिंग यांचं भरपूर कौतुक असतं, आणि ते रास्तच आहे. पण तो पाय ज्याच्या कौशल्यामुळे माणसाच्या अंगाला लागतो, त्या प्रॉस्थेटिस्टचा उल्लेख शोधूनही सापडत नाही. फार तर छायाचित्राखाली ‘तंत्रज्ञ’ एवढंच छापलेलं असतं. मी स्वतः गुडघ्याखाली कृत्रिम पाय वापरतो, त्यामुळे हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

या पायाचं सगळं यश सॉकेटवर, म्हणजे स्टंप (कापल्यावर उरलेला पायाचा भाग) ज्यात बसतो त्या भागावर अवलंबून असतं. पाऊल कितीही महागडं घ्या, सॉकेट चुकलं तर पाय कोपऱ्यात पडून राहतो. तळव्याची कातडी शरीराचं वजन पेलण्यासाठीच असते, पोटरीची नसते. मग वजन द्यायचं कुठे? गुडघ्याच्या वाटीखालचा जाड कंडरा दाब सोसतो. नडगीची धार आणि तिच्या बाहेरच्या अंगाचं हाडाचं टोक सोसत नाही, शिवाय तिथे कातडीलगतच चेतातंतू असतो. प्रॉस्थेटिस्ट या जागा बोटांनी चाचपतो, स्टंपवर चढवलेल्या मोज्यावर पेन्सिलीने खुणा करतो आणि वरून प्लास्टरची पट्टी गुंडाळतो. खुणा साच्यात उमटतात. त्या साच्यात प्लास्टर ओतून स्टंपची भरीव प्रतिकृती तयार होते आणि खरी कसोटी तिथे लागते. दाब द्यायचा तिथलं प्लास्टर तो कानशीने उतरवतो, सुटका हवी तिथे थर चढवतो. सगळा काही मिलिमीटरचा मामला. आता हेच काम स्कॅनर आणि संगणकावरही होतं, पण कुठून किती काढायचं हे संगणक ठरवत नाही.

माझं पहिलं सॉकेट या कामाचं शिक्षण नसलेल्या माणसाने नुसत्या टेपच्या मापावर बनवलं होतं. नडगीवर जखम झाली आणि ती भरेपर्यंत पाय घालताच आला नाही.

सॉकेट जमलं तरी काम संपत नाही. पाऊल जरा जास्त आत बसलं की दर पावलाला गुडघा बाहेर ढकलला जातो. चवडा खाली झुकलेला असला की गुडघा मागे रेटला जातो. ‘कंबर दुखते’ म्हणून मी तक्रार करावी, तर आमचे प्रॉस्थेटिस्ट मला आधी चालायला लावतात, निमूट बघत राहतात, मग घोट्यापाशी पाना लावून एक स्क्रू जरासा फिरवतात आणि म्हणतात, ‘आता चाला.’ शेवटी सॉकेट काढून कातडीवरचा लालपणा पाहतात. दाबाच्या ठरलेल्या जागी आलेला आणि थोड्या वेळात विरणारा लालपणा चालतो, हाडावर रेंगाळणारा नाही. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना गेली आहे त्यांना दुखतच नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत या तपासणीवर सगळी भिस्त असते.

प्रॉस्थेटिस्टच्या जोडीचेच तज्ज्ञ म्हणजे ऑर्थोटिस्ट. त्यांचं काम अंगावर असलेल्याच अवयवाला आधार देण्याचं. पक्षाघातानंतर लोंबणाऱ्या पावलासाठीचा स्प्लिंट, मधुमेही पायावरचा दाब वाटून देणारा इनसोल (बुटातला तळ), पाठीच्या कण्याचा ब्रेस (आधाराचं साधन), ही सगळी त्यांची कामं. जन्मतः वाकडं पाऊल पोन्सेटी पद्धतीच्या प्लास्टरने सरळ होतं, पण पुढे बाळाला तीन महिने दिवसाचे 23 तास आणि नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपताना ब्रेस घालावा लागतो. तो टोचला तर आईबाप काढून ठेवणार आणि पाऊल पुन्हा वळणार. कण्याच्या बाकाचंही तसंच. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ब्रेस वापरणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेखाली राहिला, न वापरणाऱ्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. रोज सरासरी 13 तासांहून जास्त घालणाऱ्यांत ते 90 टक्क्यांच्या पुढे गेलं. शाळकरी मुलीला तो ब्रेस इतके तास अंगावर सहन व्हावा, असा बनवणं आणि तिला त्यासाठी राजी करणं, दोन्ही ऑर्थोटिस्टलाच करावं लागतं.

हे बघून बघून शिकण्यासारखं काम नाही. अनेक देशांत त्यासाठी चार वर्षांची पदवी आहे. शरीररचना, विकृतिशास्त्र, बायोमेकॅनिक्स, चालीचं विश्लेषण, वापरायच्या सामग्रीचं शास्त्र, त्याच्या जोडीला वर्कशॉप आणि देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण. अमेरिकेत तर पदव्युत्तर पदवी आणि वर रेसिडेन्सी, म्हणजे देखरेखीखालचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये या सेवांची मानकं प्रसिद्ध केली. त्यांत दर दहा लाख लोकसंख्येमागे असे 5 ते 10 तज्ज्ञ हवेत असं म्हटलं आहे. जगात 3.5 ते 4 कोटी लोकांना या सेवांची गरज असल्याचा आणि सहायक साधनं लागणाऱ्या दहांपैकी एकालाच ती मिळत असल्याचा तेव्हाचा अंदाज होता.

माझं म्हणणं असं की, जिथे अवयव कापण्याच्या शस्त्रक्रिया होतात त्या प्रत्येक रुग्णालयात प्रॉस्थेटिस्टचं पद असावं आणि शक्य तिथे शस्त्रक्रियेआधीच त्याला विचारावं. गुडघा वाचला तर चालण्याचे कष्ट किती तरी कमी होतात, आणि स्टंपची लांबी किती असावी, हाडाचं टोक कसं गोल करावं, यावर पुढचं सगळं ठरतं. पाय मिळाल्यावर पुन्हा पुन्हा तपासणीची सोयही हवी, कारण पहिल्या काही महिन्यांत स्टंप आटतो आणि घट्ट बसलेलं सॉकेट सैल होतं. लहान मुलं तर वाढतच असतात.

आपल्या बातमीदारांनाही एक विनंती. किती पाय वाटले गेले हा आकडा जरूर छापा. पण ते कोणी बसवले, बसवणाऱ्याचं शिक्षण काय आणि वर्षभराने त्यातले किती वापरात आहेत, हेही विचारून छापा.

आपला,
एक नियमित वाचक