मॉरिस मायनर आधी खालून तपासा

संपादक महोदय,

पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हीए’ या वेगळ्या नोंदणी क्रमांकांच्या मालिकेची सोय केली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाला ५ हजार. अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. त्यामुळे घरातली बंद मॉरिस मायनर ही जुनी इंग्रजी मोटार पुन्हा रस्त्यावर आणावी असे पुण्यात कोणाला वाटले तर आनंदच आहे. मात्र खर्चाचा पहिला रुपया डेंटिंग-पेंटिंगवर घालू नये, तो पुढच्या चाकांच्या खालच्या ट्रनिअनवर, म्हणजे चाक ज्या उभ्या पिनवर वळते तिच्या खालच्या टोकाच्या आट्यांच्या जोडावर घालावा.

ही गाडी अलेक इसिगोनिस या अभियंत्याच्या रचनेची. १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ती आली, तेव्हा स्वस्त घरगुती मोटारीत सहसा न मिळणाऱ्या गोष्टी तिच्यात होत्या: रॅक-पिनियन स्टीअरिंग, पुढे टॉर्शन बारचे (पिळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्यांचे) स्वतंत्र सस्पेन्शन, १४ इंची लहान चाके. नमुना गाडी अरुंद वाटली म्हणून उभी मधोमध कापून ४ इंचांनी रुंद केली. बॉनेटवरचा मधला सपाट पट्टा ही त्याचीच खूण. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने हीच गाडी ‘बेबी हिंदुस्तान’ नावाने विकली. अँबॅसिडर हिच्यापासून निघाली असे अनेकदा सांगितले जाते, ते चूक आहे. अँबॅसिडरचे मूळ मॉरिस ऑक्सफर्ड, तिसरी मालिका.

आता ट्रनिअन. चाकाच्या उभ्या पिनला वर-खाली आटे असतात आणि त्यांवर दोन ट्रनिअन फिरतात. ग्रीस संपले, धूळ-पाणी शिरले की खालचे आटे झिजतात आणि एक दिवस पिन त्यातून सुटते. चाक आडवे होऊन गाडी मडगार्डवर बसते. हे बहुधा कमी वेगात, स्टीअरिंग पूर्ण वळवताना होते. कात्रजच्या उतारावर झाले तर काय होईल ते सांगायला नको.

दर १,५०० किलोमीटरला आणि पावसाळा संपताच चारही निपलना (ट्रनिअनवरच्या ग्रीस भरायच्या तोंडांना) ग्रीस द्यावे. गाडी बॉडीखाली जॅक लावून उचलावी, चाक लोंबकळू द्यावे. वजन चाकावर असताना ग्रीस खालच्या आट्यांत नीट शिरत नाही. जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत गन चालवावी. मग चाक वर-खाली धरून हलवावे. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे: प्ले गेला तर दोष बेअरिंगचा, राहिला तर पिन-ट्रनिअनचा. शेवटी टायरखाली पहार घालून चाक उचलून पाहावे. आटे झिजलेले असतील तर पिन आणि ट्रनिअन जोडीनेच बदलावेत; झिजलेल्या पिनवर नवा ट्रनिअन टिकत नाही. डाव्या-उजव्या बाजूचे भाग वेगळे असतात, मागवताना बाजू सांगावी.

त्यानंतर टॉर्शन बार जिथे अडकतात तो मधला आडवा सांगाडा आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या पुढच्या टोकाची बैठक पाहावी. तिथला पत्रा कुजला असेल तर कापून नवा वेल्ड करावा. पुट्टी भरून वर रंग मारणे हा जिवाशी खेळ आहे. ब्रेकचा मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फरशीच्या खाली असतो. तिथे पाण्याने गंज धरतो, म्हणून ब्रेक ऑइल दरवर्षी बदलावे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबर फुगते, तडकते. इंधनाचे सगळे पाइप त्याला चालणाऱ्या प्रतीचेच बसवावेत.

जुन्या मोटारींच्या रॅलीच्या आयोजकांना आग्रहाची विनंती: सजावटीला गुण देण्याआधी प्रत्येक मायनरची पुढची दोन्ही चाके जॅकवर घेऊन पाहा, आणि प्ले असलेली गाडी मार्गावर सोडू नका.

– एक गॅरेजचालक, भवानी पेठ, पुणे