प्रोब धरणाऱ्या हाताचाही विचार व्हावा

महोदय,

मी रुग्णालयात सोनोग्राफी तंत्रज्ञ आहे. ‘मशीनच सगळं दाखवतं, तुम्ही काय करता?’ असे नातेवाईक सहज विचारतात. पण पोटातल्या खोल अवयवांसाठी २ ते ५ मेगाहर्ट्झ, म्हणजे कमी वारंवारितेच्या ध्वनिलहरी सोडणारा प्रोब (अंगावर फिरवायचे उपकरण) लागतो. थायरॉइडसाठी जास्त वारंवारितेचा, कारण तिथे खोली नको, बारकावा हवा. पित्ताशय पाहायचे तर पोट रिकामे हवे, नाहीतर पित्ताशय आकसते. (तरी ‘थोडंसंच खाल्लंय’ म्हणणारे भेटतातच!) आतड्यातला वायू आडवा आला की रुग्णाला कुशीवर वळवून प्रोब दाबून धरावा लागतो. त्यानेच आमचे खांदे, मनगटे कायमची दुखू लागतात. व्यवस्थापनाने निदान वर-खाली होणारा पलंग द्यावा आणि तपासण्यांची यादी इतकी ठासून भरू नये.

– एक सोनोग्राफी तंत्रज्ञ