मोरयाच्या धोंड्यासाठी आणि दांडीच्या पुस्तिकेसाठी आवाहन

मालवणच्या दांडी किनाऱ्यावरील ग्रामस्थ, रापणकर, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्याचे चाकरमानी, सर्वांस सप्रेम नमस्कार.

मालवणला आलेला पाहुणा जेटीवर होडीत बसतो, सिंधुदुर्ग बघतो, मासे जेवतो आणि परत जातो. पण त्या किल्ल्याचा मुहूर्त झाला तो आपल्या किनाऱ्यावर. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी मोरयाच्या धोंड्यापाशी गणेशपूजन केले आणि मगच कुरटे बेटावर काम सुरू झाले. धोंड्यावर कोरलेले गणपती, चंद्र, सूर्य आजही दिसतात. गेल्या दिवाळीत एक कुटुंब तिथेच चपला ठेवून फोटो काढत होते. जवळ जाऊन सांगितल्यावर बिचाऱ्यांनी हात जोडले. त्यांना आधी कोणी सांगितलेच नव्हते.

म्हणून धोंड्यापाशी सगळी हकीकत सांगणारा मोठा फलक लावायचा आहे. दुसरा पद्मगड किल्ल्यासमोर. ओहोटीला तिथवर चालत जाता येते. पण भरती कधी लागते हे परक्या माणसाला कळत नाही. त्या फलकावर रोजची वेळ खडूने लिहू. शिवाय दांडेश्वराचे मंदिर, पद्मगड आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून दोरांनी ओढायचे मोठे जाळे, यांची माहिती देणारी पुस्तिका काढायची आहे. रापणीची बोली, दोर ओढण्याची रीत, वाट्यांचा हिशेब हे सारे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच उरले आहे. दोराला हात लावला त्याला मासळीत वाटा, हा आपला जुना कायदा कागदावर यायलाच हवा.

मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर आपल्या मंडळाने किनारा साफ केला, तेव्हा रापण संघांची मुले स्वतःची फाटलेली जाळी बाजूला ठेवून राबली. मासळी विकणाऱ्या आयाबायांनी त्या दिवसांत कोणाला उपाशी घरी जाऊ दिले नाही. गिरणीतून निवृत्त झालेल्या आपल्या एका काकांनी पहिली देणगी आणून दिली आणि नाव जाहीर करू नका म्हणाले. ते आज नाहीत; त्यांचा मुलगा दरवर्षी न सांगता पैसे पाठवतो. अशा माणसांवर मंडळ उभे आहे.

गेल्या वर्षीही हेच आवाहन केले होते. चतुर्थीला घरोघरी गेलो, चहा सगळीकडे मिळाला, पावत्या मात्र बऱ्याचशा कोऱ्याच परत आल्या. वाईट वाटले, लपवत नाही. दांडीचे फोटो आपण सगळेच अभिमानाने पाठवतो.

खर्चाचा अंदाज सव्वा लाख. रोख रक्कम खजिनदारांकडेच द्यावी, पावती घ्यावी. मुंबईकरांनी आपापल्या वाडीच्या प्रतिनिधीकडे द्यावी. जुने फोटो, कागद असल्यास आणावेत, प्रत काढून लगेच परत देऊ. दगडाला धक्का न लावता फलक बसवणारा गवंडी हवा. परवानगीचे अर्ज तयार आहेत. देणग्या नारळी पौर्णिमेपर्यंत. फलक २५ नोव्हेंबरला लावायचे आहेत.

आपला,
सचिव