नोकरी असताना परीक्षा कशाला

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पास झाल्याचं फोनवर सांगितलं, पण आई, "चांगली नोकरी असताना परत परीक्षा कशाला गं?" या तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. म्हणून सविस्तर लिहिते.

परीक्षेचं नाव सीसीआयई, नेटवर्कचं काम करणाऱ्यांसाठीची. राउटर आणि स्विच, म्हणजे संगणकांना एकमेकांशी जोडणारी यंत्रं, बनवणारी सिस्को कंपनी ती १९९३ पासून घेते. आधी एक लेखी पेपर असतो, तो मी पुण्यातच दिला. खरा कस लागतो नंतरच्या आठ तासांच्या प्रॅक्टिकलला, आणि त्यासाठी बंगळूरला जावं लागतं. फी सोळाशे डॉलर, त्यामुळे तयारी पक्की झाल्याशिवाय तारीख घ्यायचीच नाही असं ठरवलं होतं.

पहिले तीन तास डिझाइनचे. यंत्राला हातच लावायचा नाही. एखाद्या कंपनीचे नकाशे, पत्रव्यवहार, गरजा समोर येतात. ते वाचून काय करावं आणि का, ते सांगायचं. एकदा उत्तर देऊन पुढे गेलं की मागे येता येत नाही. उरलेले पाच तास नेटवर्क उभं करायचं, चालवायचं आणि बिघडलेलं दुरुस्त करायचं. दोन्ही भागांत किमान गुण हवेतच, शिवाय एकूण गुणही पुरे पडावे लागतात. त्या दिवशी पेपरात काय आलं ते मात्र तुम्हालाही सांगता येणार नाही, तसं लिहून द्यावं लागतं.

पण बाबा, सरावातला एक फॉल्ट तुम्हाला सांगायलाच हवा. तुम्ही इकडे आला होतात तेव्हा माझ्या खोलीत जो सर्व्हर रात्रभर घोंघावत होता, त्यात मी असे बिघाड मुद्दाम घालून ठेवायची आणि काही दिवसांनी शोधायला बसायची. दोन राउटर जोडलेले. लाइन चालू, पिंग (समोरचा उत्तर देतो का ते बघायचा छोटा संदेश) जातोय, कुठेही लाल दिवा नाही. राउटरनी एकमेकांना रस्ते कळवायची ओएसपीएफ नावाची पद्धत आहे, तिच्यात राउटर दर दहा सेकंदांनी शेजाऱ्याला 'हॅलो' पाठवतात. तेही व्यवस्थित पोचत होते. पण पुढे रस्त्यांची माहिती एकमेकांना द्यायची वेळ आली की गाडी 'एक्सस्टार्ट' या टप्प्यावर अडकायची. कारण एवढंच की एका टोकाला पॅकेटची, म्हणजे एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याची, कमाल मर्यादा १५०० बाइट होती आणि दुसऱ्या टोकाला १४००. हॅलो छोटे, ते सहज जातात. माहितीची देवाणघेवाण सुरू करताना राउटर आपली मर्यादाही कळवतो, ती समोरच्याच्या मर्यादेहून मोठी असली की तो ते पॅकेट सोडून देतो. ही तपासणीच बंद करणारी एक कमांड आहे. ती मारली की शेजारी जुळतात, पण मूळ दुखणं तसंच राहतं आणि पुढे मोठी पॅकेट वाटेत गळायला लागतात. मला ती कमांड आवडत नाही. दोन्ही टोकांचे आकडे सारखे करणं हाच इलाज.

तो फॉल्ट शोधताना मला तुमचं चिपळूणचं टेलिफोन एक्स्चेंज आठवत होतं. पावसाळ्यात लाइन गेली की तुम्ही आधी एमडीएफवर (एक्स्चेंजमधल्या सगळ्या लाइनींच्या मुख्य जोडणीवर) टेस्ट घ्यायचात, मग पिलर (रस्त्यावरची केबलची पेटी), मग डीपी (घरांजवळची छोटी पेटी), आणि सगळ्यात शेवटी गिऱ्हाइकाचं घर. "फॉल्ट कुठे नाही ते आधी ठरव," असं तुम्ही लाइनमन काकांना सांगायचात. शिकवणीच्या व्हिडिओंमध्ये मला याहून चांगला नियम मिळाला नाही. घड्याळ पुढे सरकत असताना हात थरथरू न देता एकेक तुकडा बाजूला काढत जायचं, हेच या परीक्षेत तपासतात.

आई, आता तुझा प्रश्न. ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठव. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर एकदम बंद पडले होते, साधारण सहा तास. कुणी हल्ला केला नव्हता. देखभालीच्या कामात एक कमांड दिली गेली आणि त्यांच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळंच तुटलं. पाठोपाठ त्यांच्या पत्त्यांकडे जाणारे रस्ते बाकीच्या इंटरनेटवरून पुसले गेले. मी कामावर ज्या यंत्रांना हात लावते, त्यांच्यावर हॉस्पिटलं आणि बँका चालतात. तिथे कमांड देताना "बहुतेक बरोबर असेल" असं म्हणून मला चालणार नाही. नोकरी आहे म्हणूनच ही परीक्षा हवी होती.

निकाल ईमेलने आला, सोबत माझा नंबर. तो जन्मभर माझाच, मात्र दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. हे नंबर १०२४ पासून सुरू झाले, आणि तो पहिला नंबर माणसाला नव्हे, परीक्षेच्या लॅबलाच दिला होता. बाबा, हे तुम्हाला आवडेल म्हणून लिहिलं.

आणखी एक. माझ्या तारखेसाठी तुम्ही मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललंत, हे मला ताईकडून कळलं. दोघांनी मिळून ते माझ्यापासून लपवलंत, आणि मी तेवढ्या दिवसांत निवांत अभ्यास केला. हे मी विसरणार नाही. आता आणखी लांबवू नका. सोमवारी डॉक्टरांना फोन करून तारीख घ्या आणि मला लगेच कळवा. रजेचं साहेबांशी बोलून ठेवलंय. ऑपरेशननंतरचे ड्रॉप्स मी घालेन, आईला वेळा लक्षात ठेवायचा ताप नको. येताना पुण्याहून काय आणू तेही सांगा.

तुमची,
मनू